मिनाज काही घेत नाही म्हणून

मी मुजफ्फर आयुब तांबोळी, वय बावीस, धंदा टायर-पंक्चर, राहणार जळकोट, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव. आज रविवारी आमच्या दुकानात बसून, पूर्ण शुद्धीवर, कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीनं आणि स्वतःच्या हातानं हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझं डोकं तापलेलं आहे. त्याबद्दल मी नळदुर्गचे वकील विरुपाक्ष स्वामी यांना आधीच विचारून घेतलं. ते म्हणाले, तापलेलं चालतं, फिरलेलं चालत नाही. खाडाखोड करू नकोस असंही म्हणाले. खोडलेलं दिसलं की कोर्टाला संशय येतो. काही बदलायचं झालं तर खाली नवीन कलम लिहायचं.

मला कसलाही आजार नाही आणि मरायचा माझा अजिबात विचार नाही. हे अम्मीसाठी मुद्दाम वरच लिहितो, कारण मृत्युपत्र हा शब्द वाचून ती चुलीपुढं रडत बसेल आणि पुढचं वाचणारच नाही. अम्मी, पुढचं वाचा. घरात आपण दखनीत बोलतो, पण कागद मराठीत करावा लागतो म्हणून मराठीत लिहितोय.

तर बावीस वर्षांच्या धडधाकट माणसाला मृत्युपत्र कशाला लागतं? त्याचं कारण मिनाज अबुजर बागवान. ती नळदुर्गची. तिचे वडील तिथल्या स्टँडवर फळांचा गाडा लावतात. धाराशिवला नर्सिंगच्या डिग्रीला मी आणि ती एका वर्गात होतो. पाचव्या सेमिस्टरला मी कॉलेज सोडलं, ती अजून शिकते आहे. माझं तिच्यावर प्रेम आहे. कायद्याच्या कागदात हे लिहावं का, असं मी वकीलसाहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, ‘लिही, पण एकदाच लिही.’ म्हणून एकदाच लिहिलं.

अडचण अशी आहे की मिनाज माझ्याकडून काही घेत नाही. पांढरे बूट घेऊन दिले, ते तिनं एसटीच्या कंडक्टरजवळ देऊन परत पाठवले. मोबाईलला रिचार्ज मारला, तर चहा संपायच्या आत तेवढेच पैसे माझ्या खात्यावर. तिच्या वडिलांच्या गाड्याला मी नवी ट्यूब टाकली, तर दुसऱ्या दिवशी ती दुकानावर आली आणि अब्बांच्या हातात पैसे ठेवून गेली. अब्बा खूश. म्हणाले, ‘पोरगी चोख हाय. तुझ्या दोस्तांना दाखव जरा, अशी माणसं असत्यात म्हणून.’

मी विचार केला. जिवंत माणसानं दिलेलं परत करता येतं. मेलेल्यानं दिलेलं ती कुणाच्या हातात नेऊन ठेवणार? म्हणून हे लिहितोय.

कलम १. आमच्यात क्रम ठरलेला आहे. आधी कफन-दफन, मग देणी, मग वसियत म्हणजे हे मृत्युपत्र, आणि राहिलेलं वारसांचं. कफन-दफनाचा खर्च माझ्या खात्यातून करावा. चाळिसाव्याला बिर्याणी करू नये. करायचीच झाली तर माझ्या त्या दोन चुलतभावांना बोलावू नये, जे मी कॉलेज सोडून आल्यावर दुकानासमोर गाडी थांबवून ‘सिस्टर, एक इंजेक्शन द्या की’ म्हणायचे. ते कोण, ते त्यांना माहीत आहे.

देणी फार नाहीत. भिशीचा चालू महिन्याचा हप्ता द्यायचा आहे. महारुद्र बिराजदारचं हेल्मेट माझ्याकडं आहे, ते परत करावं. महारुद्र माझ्या वर्गातला, अजून शिकतोय, सुट्टीला जळकोटला येतो आणि तिकडच्या बातम्या तोच आणतो. माझं बीपी बघायचं यंत्र त्याच्याकडं आहे. ते परत मागू नये, मात्र महिन्यातून एकदा त्यानं ते घेऊन घरी यावं आणि अम्मीचं बीपी बघावं. चहा मिळेल. चहात साखर तीन चमचे मागू नये.

कलम २. मला माझं सगळंच मिनाजला द्यायचं होतं. तसं देता येत नाही, हे मला शुक्रवारी कळलं. वकीलसाहेबांची स्कूटर बसली होती. मी ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघत होतो तेव्हा सहज विचारलं, की सगळं एकाच माणसाच्या नावानं करायचं झालं तर कसं लिहायचं.

‘माणूस घरचा का बाहेरचा?’

‘बाहेरचा.’

‘मग तुमच्यात तिसरा हिस्साच जातो मृत्युपत्रानं. बाकीचं वारसांचं. वारसांनी खुशीनं सोडलं तर गोष्ट वेगळी.’

‘वारस म्हणजे?’

‘तुझे आई-वडील. आणि त्यांना ते तू गेल्यावर विचारायचं.’

‘गेल्यावर कसं विचारू, साहेब?’

‘म्हणून तर सांगतो, तिसरा हिस्सा धर आणि गप बस.’ आणि पंक्चरचे पैसे न देता निघाले. म्हणाले, सल्ल्यात वळते करून घेतले.

तेव्हा अब्बा आणि अम्मी यांना त्यांचा वाटा शरियतनं आपोआप मिळेल. तो मी देतो असं म्हणण्यात अर्थ नाही. दुकान अब्बांचंच आहे. कंप्रेसर, जॅक, पाने, सगळं त्यांचं. त्यात माझी फक्त एक टायर खोलायची टॉमी आहे, दांड्याला लाल चिकटपट्टी लावलेली. ती अब्बांनी वापरावी आणि प्रत्येक वेळी वापरून झाल्यावर जागेवर ठेवावी, जे ते माझ्या हयातीत एकदाही करत नाहीत.

कलम ३. माझी मोटारसायकल, एमएच २५ पासिंगची, काळी, कागदपत्रं डिकीत. माझ्याकडं जे काही आहे त्यात ही गाडी साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी होते. ती मिनाजला द्यावी. तिनं ती विकावी आणि पुण्याला जावं.

पुण्याचं असं आहे. आमच्या कोर्सला मनोरुग्णांच्या दवाखान्यात महिनाभर काम करावं लागतं. त्याला पोस्टिंग म्हणतात. धाराशिवकडं तसा मोठा दवाखाना नाही, म्हणून सगळी बॅच पुण्याला जाते. राहणं, खाणं, जाणं-येणं ज्याचं त्यानं बघायचं. खोल्या आधी पक्क्या करायच्या असतात, म्हणून येत्या शुक्रवारच्या आत पैसे भरायचे आहेत. जो जाणार नाही त्याचे तास भरत नाहीत. तास भरले नाहीत की परीक्षेला बसता येत नाही, आणि मग पुढच्या बॅचबरोबर. मिनाजनं मॅडमना सांगितलं की मी एक वर्ष थांबते. महारुद्रनं परवा मला हे सांगितलं आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. काल एका टेम्पोचं चाक मी उलटं बसवलं. बागवान चाचा वाईट माणूस नाहीत, पण पोरगी वर्षभर घरी बसली की पाहुणे यायला लागतात, आणि पाहुण्यांना चहा देणारी पोरगी परत कॉलेजात गेलेली मी तरी अजून बघितली नाही.

कलम ४. या कलमानं कुणाला काही द्यायचं नाही. पण माझं जिवंतपणी कुणी ऐकत नाही, म्हणून इथं घालतो.

गावात कुणालाही विचारा, मुलींचं शिक्षण आता फुकट झालंय. हवा भरायला थांबलेला माणूससुद्धा मला सांगतो, ‘अबुजरची पोरगी नशिबाची. रुपाया लागत न्हाय.’ बागवान चाचांचाही तोच समज आहे आणि मिनाजनं तो मोडलेला नाही. फी माफ झाली हे खरं आहे. पण फी म्हणजे आत सोडल्याची पावती. आत गेल्यावर दवाखान्याचा पांढरा ड्रेस वेगळा, गावात जायचा वेगळा, आणि दोन्ही त्यांनीच सांगितलेल्या शिंप्याकडं. नावाची पाटी हरवली की दंड, आणि नवी मिळेपर्यंत रोजचा दंड. काविळीची लस आपल्या पैशानं, कारण पेशंटला टोचलेली सुई आपल्याला टोचली तर भोगायचं आपणच. पहिल्या वर्षी दिवा हातात घेऊन शपथ घ्यायचा कार्यक्रम असतो. त्यातला दिवा विकत, फोटो विकत, आणि स्टेजवरच्या पाहुण्यांच्या फेट्याची वर्गणीसुद्धा आमच्याकडून. शपथ तेवढी फुकट होती. लोहाऱ्याकडच्या खेड्यांत जायचं तर एसटीचं भाडं आपलं, आणि एसटी चुकली तर गैरहजेरी आपली.

एकदा हृदयाचं मॉडेल करून आणायला सांगितलं होतं. पोरांनी बाजारातून तयार आणलं. मिनाजनं वडिलांच्या सफरचंदाच्या खोक्यातले जांभळे पुठ्ठे भिजवून, कुटून, त्याचा लगदा करून बनवलं. चारही कप्पे उघडत होते. पूर्ण वर्गात दुसऱ्या कुणाचं उघडत नव्हतं. तिला मार्क कमी पडले. कारण काय तर फिनिशिंग नाही.

हे सगळं भागवायला ती रोज संध्याकाळी धाराशिवात एका मेडिकलवर काउंटरला उभी राहते. घरी सांगते की लायब्ररीत बसते.

कलम ५. माझे दोन पांढरे ड्रेस ट्रंकेत आहेत. एक नवाच आहे. पहिल्या वर्षाला कुणी उंच, हडकुळा पोरगा आला तर त्याला द्यावेत, विकू नयेत. खांद्यात जरा ओढतात, हे त्याला आधी सांगावं. पुस्तकं महारुद्रनं घ्यावीत. त्यात जागोजागी पेन्सिलीनं एक नाव लिहिलेलं आहे, ते त्यानं खोडावं आणि तोंड बंद ठेवावं.

कलम ६. कॉलेजच्या आवारात एक दुकान आहे. मालकाचं नाव लिहीत नाही, वकीलसाहेबांची मनाई आहे. पेशंटवर लिहायच्या फाईली फक्त त्याच्याच दुकानातल्या चालतात. बाहेर तीच फाईल, तोच कागद, तीच दोरी. याच्याकडं वरती कॉलेजचा छाप असतो आणि त्या छापाचे पैसे फाईलीपेक्षा जास्त. या माणसाला माझ्या मिळकतीतून काही देऊ नये. त्याची गाडी हायवेला कधी आमच्या दुकानापुढं थांबली तर अब्बांनी हवा भरून द्यावी, रस्त्यावरच्या माणसाला नाही म्हणायचं नसतं. पैसे मात्र त्याच्या दुकानाच्या भावानं घ्यावेत.

कलम ७. क्षमा मॅडम. या आम्हाला गावातली नर्सिंग शिकवायच्या. त्यांना मी माफ करत नाही. माझ्या मागंही कुणी माझ्या वतीनं माफ करू नये.

कारण लिहितो. घरोघर जाऊन तपासणी करायला प्रत्येकाजवळ एक बॅग लागते, कम्युनिटी बॅग. ती त्या दुकानात मिळते. किंमत ऐकून मिनाज नुसती खिडकीतून बघत बसली. मी त्याच शनिवारी घरी आलो. आमच्या शेजारी ट्रकच्या सीटकव्हरचं दुकान आहे. तिथून काळं रेक्झिन आणलं आणि अम्मीनं दोन बॅगा शिवल्या, एक मला, एक मिनाजला. दुहेरी शिलाई, आत कप्पेच कप्पे, वर ट्रकच्या पडद्याची चेन. मिनाजनं माझ्याकडून घेतलेली ती एकुलती एक वस्तू. आणि तीही अम्मीनं शिवली म्हणून. अम्मीला ती खाला म्हणते.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मॅडमनी सगळ्या वर्गातून नेमकी मिनाजची बॅग उचलली. टेबलावर ठेवली. चेन उघडून आत हात घातला आणि साबण बाहेर काढला. वापरलेला होता, झिजून पातळ झालेला. तो वर धरून सगळ्यांना दाखवला आणि विचारलं, ‘काय चुकलं?’ पोरं हसली. मिनाजनं मान खाली घातली. त्यानंतर मॅडम काहीतरी बोलत होत्या, पण माझ्या कानात नुसता आवाज भरला होता. मी उठून म्हणालो, ‘चूक एवढीच, की तुमच्या दुकानातनं घेतली न्हाय.’ आणि टेबल ढकललं. ट्रे पडला, थर्मामीटर फुटले, पारा फरशीवर पळत सुटला. दुसऱ्या दिवशी ऑफिसनं माफीचं पत्र मागितलं. मी म्हणालो, पत्र त्यांनी लिहावं. बॅग खांद्याला लावली आणि घरी आलो. झिजलेला साबण वर धरून माणसाची गरिबी दाखवतात आणि याला शिक्षण म्हणतात.

इथपर्यंत सकाळी लिहून झालं.

दुपारी महारुद्र साक्षीदाराची सही करायला आला. सही करायच्या आधी त्यानं सगळं वाचलं, आणि वाचताना दोनदा पाणी प्याला.

‘मुज्या, गाडी तिला मिळणार कधी?’

‘मी मेल्यावर.’

‘आणि तिला पैसे लागणार कधी?’

‘शुक्रवारी.’

‘म्हणजे तुला वेळेत मरावं लागंल. तू तर वर्गात कधी वेळेत आला न्हाईस.’

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. खरं सांगायचं तर दोन रात्री मी फक्त एवढाच विचार केला की ती परत कशी करणार नाही. तिला मिळणार कसं, हे राहूनच गेलं. अब्बा ट्रकखाली होते. त्यांनी खालूनच विचारलं, ‘कोण मरतंय?’

‘मुजफ्फर.’

‘त्याला म्हणावं, आधी कंप्रेसरचा पट्टा बदल.’

मी पट्टा बदलायला गेलो. तेवढ्यात महारुद्रनं माझ्या पानांचे फोटो काढून मिनाजला पाठवले. मी मोबाईल हिसकावायला गेलो, तोवर निळ्या खुणा येऊन गेल्या होत्या. उत्तर काही आलं नाही. मी दुकानासमोर येरझाऱ्या घालत राहिलो. एक माणूस गाडी उभी करून म्हणाला, ‘पंक्चर हाय का?’ मी म्हणालो, ‘कुणाचं?’

मिनाज रविवारची घरी होती, ती नळदुर्गहून वडापच्या जीपनं आली. दारातल्या जुन्या टायरवर बसली आणि म्हणाली, ‘कागद दे. फोटोत कडा कापल्यात.’

तिनं पहिल्या कलमापासून वाचलं. जिथं प्रेमाचं वाक्य आहे तिथं ती थांबली का, हे मी बघत होतो. थांबली नाही. कलम सातवर मात्र लई वेळ बसली.

‘हे साबणाचं काय लिहिलंयस?’

‘झालं तेच लिहिलंय. तुझी गरिबी काढली त्यांनी.’

‘साबण झिजला होता म्हणून?’

‘मग काय तर.’

‘बॅगेचा नियम काय? घरात गेल्यावर पहिलं काय करायचं?’

मी अजून विसरलो नव्हतो. कागद पसरायचा, त्यावर बॅग ठेवायची, साबण-टॉवेल काढायचा, हात धुवायचे, आणि मग बॅग उघडायची. ‘मग बॅग उघडायची’ हे मी हळू म्हणालो, पण मिनाज थांबली नाही.

‘साबण आतल्या कप्प्यात असला तर? मळका हात आत घालूनच काढावा लागतो. खालांनी सगळे कप्पे आतून शिवले होते. साबणाचा बाहेर पाहिजे. मॅडम तेच दाखवत होत्या. म्हणाल्या, बॅग दुकानातल्यापेक्षा पक्की हाय, बाहेरून एक कप्पा लावून आण, चालंल. तेवढ्यात तू टेबल ढकललंस.’

‘पोरं हसली ती?’

‘महारुद्रला. त्यानं साबणाऐवजी शाम्पूची पुडी आणली होती.’

‘व्हय,’ महारुद्र म्हणाला.

‘आणि तू मान खाली घातलीस ती?’

‘वहीत लिहून घेत होते मी.’

अम्मी चहा घेऊन आली होती. ती ट्रे हातात धरून तशीच उभी राहिली. म्हणाली, ‘मला कुणी सांगितलं असतं तर तिथल्या तिथं लावला असता की बाहेर. एक कप्पा तो केवढा.’ आणि चहा न देताच आत गेली.

‘दुकानाचं भांडण खरं होतं,’ मिनाज म्हणाली. ‘छापाचे पैसे, पाटीचे पैसे, सगळं खरं. ते तू केलंच न्हाईस. केलं असतंस तर आम्ही सगळे उठलो असतो. तू साबणावर भांडलास आणि निघून आलास. फुटलेल्या थर्मामीटरचे पैसे वर्गानं वाटून भरले. तुझ्या वाट्याचे मी भरले.’

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. महारुद्रकडं बघितलं तर तो माझ्या जुन्या बॅगेची चेन उघड-बंद करत बसला होता.

कलम ८. कलम सात रद्द. क्षमा मॅडमना मी माफ करत नाही असं वर लिहिलं आहे, तर त्यात माफ करण्यासारखं काही नव्हतं. त्या कधी या रस्त्यानं गेल्या तर त्यांच्या गाडीचं काम फुकट करावं. माफीचं पत्र मी लिहीन. ते या कागदात मोजू नये.

थर्मामीटरच्या वाट्याचं मिनाजचं माझ्याकडं येणं निघालं. देणी वसियतीच्या आधी फेडायची असतात, म्हणून मी ते तिथंच गल्ल्यातून काढून तिच्यापुढं धरलं. तिनं घेतलं. मोजून घेतलं. इतक्या दिवसांत तिनं माझ्या हातून पैसे घेतले ते पहिल्यांदा, आणि तेही तिचेच.

मग मी गाडीची किल्ली टायरवर ठेवली आणि म्हणालो, ‘मृत्युपत्र राहू दे. आज विक, उद्या भर.’

‘मी मागितली का गाडी?’

‘मग तू वर्ष घालवणार?’

‘तुझ्या गाडीवर बसून पुण्याला गेल्यासारखं होईल मला महिनाभर. रोज पेशंटपुढं उभी राहिले की आठवंल.’ तिनं किल्ली उचलून माझ्या हातात परत दिली. मग म्हणाली, ‘उधार देतोस का?’

मला राग आला. मी म्हणालो, ‘उधार परक्याला देतात.’

‘तू कधी विचारलंस का मला, काय पाहिजे? सारखं नुसतं देत आलास. बूट दिलेस. माझ्या मापाचे तरी होते का?’

मापाचे नव्हते, हे मला आत्ता कळलं.

अब्बा ट्रकखालून निघाले. चिंध्यांना हात पुसत म्हणाले, ‘बरोबर बोलतीय ती. याला कर्ज-ए-हसना म्हणतात. व्याज न्हाय. देणाऱ्यानं तगादा लावायचा न्हाय, घेणाऱ्यानं बुडवायचं न्हाय, आणि दोन माणसांपुढं लिहून ठेवायचं. आपल्यात तसा हुकूमच हाय. सवाब मिळतो त्याचा, पुण्य.’ मग माझ्याकडं बघून म्हणाले, ‘तुला दान करायला कुणी सांगितलं रे? नवाब हायेस का?’

‘फक्त पोस्टिंगपुरतं,’ मिनाज त्यांना म्हणाली. ‘त्याच्यावर एक रुपाया न्हाय, चाचा. नोकरी लागली की फेडीन.’

कलम ९. कलम तीन रद्द, मिनाजच्या सांगण्यावरून. मोटारसायकल माझ्याकडंच राहील. माझ्या पश्चात माझा तो तिसरा हिस्सा अशा पोरापोरींसाठी ठेवावा ज्यांची फी माफ आहे पण बॅग घ्यायला पैसे नाहीत. त्यांना तो देऊन टाकू नये, उधार द्यावा, आणि द्यायच्या आधी त्यांना माप विचारावं. हे काम महारुद्रनं बघावं. तो आळशी आहे, पण खोटा नाही.

कलम १०. मिनाज अबुजर बागवान हिनं आज रोजी माझ्याकडून पुण्याच्या पोस्टिंगच्या खर्चाएवढी रक्कम बिनव्याजी उसनी घेतली आहे. रक्कम माझ्या बचतीतून उद्या सकाळी बँक उघडताच तिच्या खात्यावर जाईल. टायरचं मशीन घ्यायला मी ते पैसे ठेवले होते. मशीन थांबेल. तोवर टॉमी आहे.

मी यापुढं असं लिहायला घेतलं होतं, की माझ्या मागं हे येणं माफ समजावं. ती माझ्या खांद्यावरून वाचत होती.

‘माफ लिहू नकोस.’

‘मला काही झालं तर?’

‘तर खालांच्या हातात आणून देईन. लिही.’

म्हणून लिहितो. हे येणं माफ नाही.

हप्ता किती ठेवायचा, यावर थोडी बोलाचाली झाली. अब्बा म्हणाले, घेणाऱ्याच्या सोयीनं. मी म्हणालो, लहान ठेव, जितका लहान ठेवता येईल तितका.

‘असा ठेवला तर फिटायला किती वर्षं लागतील, माहिताय का?’

‘लागू दे की.’

अब्बा उठून परत ट्रककडं गेले, त्याचं चाक केव्हाच बसवून झालं होतं तरी. महारुद्रनं आपलं हेल्मेट शोधायला घेतलं. मिनाजनं माझ्या हातातलं पेन घेतलं आणि हप्त्याच्या जागी आकडा लिहिला. या कागदावर तेवढी एकच ओळ तिच्या हातची आहे. अक्षर वेगळं दिसतं म्हणून कुणी संशय घेऊ नये. तो आकडा मी सांगितला असता त्याच्यापेक्षा लहान आहे.

हप्ता दर महिन्याला तिनं स्वतः दुकानावर येऊन द्यायचा आहे. मोबाईलवरून पाठवलेला धरला जाणार नाही. ही अट माझी, आणि ती तिनं वाचून मान्य केली.

शेवटचा हप्ता जमा होईपर्यंत हे मृत्युपत्र अमलात येऊ नये अशी माझी इच्छा आहे.

लिहून देणार
मुजफ्फर आयुब तांबोळी

साक्षीदार
१. महारुद्र बिराजदार, राहणार जळकोट. हेल्मेट मिळालं.
२. विरुपाक्ष स्वामी, वकील, नळदुर्ग. संध्याकाळी दुकानावर येऊन वाचलं. खाडाखोड आढळली नाही.

स्थळ : जळकोट, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव
दिनांक : १४ सप्टेंबर २०२५